बाची चण्यांची पिशवी : रेवदंडा ते फणसाड

चातुर्मासात प्रवास टाळायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. त्यामुळे कार्तिकी पौर्णिमा उलटली, की घरातील प्रत्येकाला कोठे ना कोठे जावेसे वाटू लागते. कोणी पालिताण्याला निघते, कोणी शिखरजीची तिकिटे काढते. मी गेल्या वर्षी सायकल घेऊन रेवदंड्याला गेलो. यात पुण्यापेक्षा डॉक्टरांचा हात अधिक होता. रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाल्यापासून पुतण्याने मला सायकलवर बसवले होते आणि पेढीवर गादीला टेकून पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला पन्नाशीनंतर पुन्हा तोल सांभाळण्याचे धडे गिरवावे लागत होते.

आमचा पनवेलला सुपारी-नारळाचा घाऊक व्यापार. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून माल घेण्याचा संबंध वडिलांच्या काळापासूनचा. तेथील एका वाडीवाल्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, ते आम्हाला शेठ म्हणतात, आणि भावाची घासाघीस संपली की जेवल्याशिवाय कोणालाही सोडत नाहीत. त्यांच्याकडे मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने फणसाडच्या जंगलाकडे सायकलने जावे, असा बेत ठरला.

निघताना बाने, म्हणजे माझ्या आईने, कापडी पिशवी हातात दिली. आत दोन किलो भाजलेले चणे आणि बिस्किटांचे चार पुडे. "रस्त्यात वांदरे भेटतील, त्यांना घाल. अभिनंदनस्वामींचे लांछन आहे ते, विसरू नकोस." चौथ्या तीर्थंकरांच्या मूर्तीखाली कोरलेला कपि बाला फार प्रिय आहे. वडील असताना दर शनिवारी घाटात गाडी थांबवून माकडांना चणे टाकण्याचा नेम होता. मी तेव्हा मागच्या सीटवर बसून, काचेतून आत येणाऱ्या त्या छोट्या काळ्या हातांना दाणे देत असे. बालपणीचे काही थोडे आनंद अजून हाताला आठवतात, त्यांपैकी तो एक.

पुतण्या पिशवी पाहून म्हणाला, "काका, त्यांना खायला घालत नाहीत आता." मी म्हटले, "तुझ्या आजीला सांग." विषय तेथेच संपला.

रेवदंड्याचा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात उभारलेल्या या कोटात आज नारळी-पोफळी डोलतात, आणि सातखणी नावाचा जुना मनोरा त्या शेंड्यांच्याही वर डोके काढून उभा असतो. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला. त्याआधी चौल हे साऱ्या पश्चिम किनाऱ्याचे नावाजलेले बंदर होते. गुजराती वाणी येथे कापडाचा आणि मसाल्यांचा व्यापार करीत. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी चौलला येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनात खंभातेतील लोक जीवहत्या करीत नाहीत, लंगड्या कुत्र्यामांजरांसाठी आणि पाखरांसाठी त्यांनी रुग्णालये बांधली आहेत, मुंग्यांनाही अन्न घालतात, अशी नोंद आहे. परक्या डोळ्यांना आपली पांजरापोळ किती विलक्षण वाटली असेल!

त्याच्याही शंभरेक वर्षे आधी अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. मला हा गृहस्थ आवडतो, कारण त्याचे सारे गणित व्यापाऱ्याचे आहे : घोड्याला खर्च किती आला, येथे काय मिळते, जकात किती. जुन्नरला त्याचा घोडा सुभेदाराने जप्त केला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला, तीही हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. पण याच हिशेबी माणसाने वानरांविषयी मात्र भलतेच लिहिले आहे. जंगलात वानरांचा राजा असतो, त्याच्याजवळ सैन्य असते, कोणी त्रास दिला तर वानरे राजाकडे तक्रार नेतात, मग सैन्य गावावर चालून येते, घरे मोडते आणि माणसांना मारते. ऐकीव गोष्ट आहे हे उघड आहे. मी नानांना रात्री ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "राजाचं ठाऊक नाही. बाकी खरं लिहिलंय."

तो अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळायचा होता.

पहाटे वाडीतून निघालो. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधील अरुंद वाटा सायकलसाठीच केल्यासारख्या आहेत. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे, वर पोफळींचे छत, पाटाने सोडलेल्या पाण्याचा ओला वास. अंधार पुरता सरला नव्हता आणि पुढच्या चाकाखाली काही येऊ नये म्हणून मी दिवा लावून चालण्याच्या गतीने जात होतो. पायी चालताना साडेतीन हात जमीन पाहून पाऊल टाकावे हे आपण लहानपणापासून ऐकतो. सायकलवर बसल्यावर ती ईर्यासमिती किती अवघड होते, हे अनुभवाने कळते. एक गोगलगाय मी चुकवली, दुसरी पुतण्याने दाखवली. तिसऱ्या-चौथीचे काय झाले असेल, ते केवली जाणोत.

नवकारशी व्हायची होती, म्हणून पाणीही न पिता कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल गाठला. पुलावर वारा असा, की सायकल बाजूला ढकलली जात होती. उजवीकडे खाडीचे मुख आणि कोर्लईचा डोंगर, डावीकडे साळावच्या कारखान्याचा धूर, खाली गाळात एकाग्र उभे असलेले बगळे. सूर्य वर आला. कोर्लई मागे टाकताना पुतण्याने सांगितले, की या गावातील ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज मिसळलेली एक बोली बोलली जाते. व्यापार आला, राज्य आले, दोन्ही गेली, बोली राहिली. असो. घड्याळ पाहून आम्ही नवकारशी पारली, खाकरा खाल्ला, उकळलेले पाणी प्यालो आणि पुढे निघालो.

काशीदच्या अलीकडे रस्ता डोंगराच्या पायथ्याला बिलगून वळतो आणि झाडी दाट होते. तेथे माकडांची टोळी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलेली होती. पंधरा-वीस असतील. लालसर तोंडाची, आखूड केसांची. आपण ज्यांना माकड म्हणतो ती. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा वानर वेगळा. सायकली थांबताच त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे नव्हे, हँडलला अडकवलेल्या पिशवीकडे पाहिले. हे माझ्या तेव्हा ध्यानात आले नाही, नंतर आले.

मी पिशवीची गाठ सोडली. पुतण्या म्हणाला, "काका, निदान रस्त्यापासून लांब टाका." मी कठड्यापलीकडे टाकण्यासाठी हात उचलला, तेवढ्यात एका दांडग्या नराने झेप घेऊन पिशवीच ओढली. मी सोडली नाही. कापड फाटले आणि चणे डांबरावर पसरले. क्षणात सारी टोळी रस्त्यावर उतरली. माकडांच्या गालात पिशव्या असतात. घाई असली की ती चावत बसत नाहीत, गाल भरून घेतात आणि मागाहून सावकाश खातात. ती गंमत पाहत मी हसत उभा होतो.

मुरूडकडून एक मोटार वळणावर आली. वेग फार होता असे म्हणता येणार नाही. चालकाने ब्रेकही दाबला. मोठी माकडे उडाली. एक पिल्लू मागे राहिले.

आवाज अगदी लहान झाला. मोटार थोडी पुढे जाऊन थांबली, आतील माणसाने मागे वळून पाहिले, आणि गाडी निघून गेली. त्या माणसाला मी दोष देत नाही. पिल्लाची आई परत आली. तिने ते उचलले, उलटेपालटे करून पाहिले, छातीशी धरले आणि कठडा ओलांडून झाडीत गेली. सर्वांत कठीण वाटले ते पुढेच. बाकीची टोळी दोन मिनिटांत परत रस्त्यावर आली आणि चणे वेचू लागली.

पुतण्या मला एक शब्दही बोलला नाही. त्याने सायकल रस्त्याच्या मध्ये आडवी केली, हात दाखवून दोन्ही बाजूंची वाहने थांबवली आणि म्हणाला, "काका, चणे वेचा." आम्ही दोघांनी वाकून, जमेल तेवढा एकेक दाणा गोळा केला. एक एस.टी. आणि तीन-चार गाड्या थांबल्या होत्या. एकाने हॉर्न वाजवला, एकाने उतरून मदत केली. दाणे संपल्यावर माकडे आपोआप कठड्यावर गेली.

परत फिरावे असे मला वाटत होते. पुतण्याने ऐकले नाही. किनाऱ्याचा रस्ता सोडून, सुपेगावच्या बाजूने आम्ही फणसाड गाठले आणि सायकली बाहेर ठेवून एका वाटाड्याबरोबर पायी आत शिरलो.

फणसाड ही पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारीची जागा. १९८६ मध्ये शासनाने तिला अभयारण्याचा दर्जा दिला. मुरूड आणि रोहा तालुक्यांतील या जंगलात पाणथळ जागांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात सारे प्राणी या गाणांवर येतात. येथे गारंबीचे प्रचंड वेल आहेत. त्यांच्या शेंगा हातभरापेक्षा लांब, लाकडी तलवारीसारख्या लोंबतात. सांबर, भेकर, रानडुक्कर आहे, बिबट्या आहे. आम्हाला त्यांपैकी कोणीच दिसले नाही, आणि त्या दिवशी ते योग्यच वाटले.

दिसले ते शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी. तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती क्वचितच जमिनीवर उतरते. एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेत तिचा सारा संसार वरच चालतो. म्हणून झाडाला झाड लागून असणे तिच्या जिवाशी गाठ आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील वाड्या जशा झोपवल्या, तशी या जंगलातील झाडेही पाडली, असे वाटाड्या सांगत होता. त्या वर्षी आमच्या पेढीवर रेवदंड्याचा माल जवळजवळ आलाच नव्हता. नारळाचे झाड पुन्हा फळावर यायला कित्येक वर्षे लागतात, हे आम्हाला वहीतून ठाऊक होते. वर तुटलेल्या छताचा हिशेब मात्र मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

पुढे वानरांचा कळप भेटला. उंबराच्या झाडावर बारा-तेरा वानरे शांतपणे पाने आणि फळे खात बसली होती. आम्हाला पाहून एकाने मान वळवली, पुन्हा खाणे सुरू केले. माझ्या पाठीवरील पिशवीत बिस्किटांचे पुडे तसेच होते, पण येथे कोणी पिशवीकडे पाहत नव्हते. वाटाड्याने सांगितले, की वानराचे पोट गाईगुरांसारखे कप्प्याकप्प्यांचे असते आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो. त्यात बिस्किट, पाव, साखर गेली की आंबण्याची क्रिया बिघडते आणि पोट फुगते. माकडाचे पोट तसे नसते, ते काहीही खाते. तेथे बिघडते ते त्याचे वागणे. आयते मिळते असे कळले की टोळी जंगल सोडून रस्त्याला लागते, पिल्ले तेथेच शिकतात आणि वाहनाला घाबरणे विसरतात. मी मुकाट्याने ऐकत होतो. सकाळची गोष्ट त्याला सांगितली नव्हती.

माझा एक मावसभाऊ व्यवसायानिमित्त दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला असतो. तेथे डोंगरातील वाटांवर सायकल चालवणाऱ्यांना बॅबून भेटतात. आपल्या माकडाच्या चौपट ताकदीचे, कुत्र्यासारख्या तोंडाचे. खायला घालू नका, अशा पाट्या तेथे जागोजागी आहेत. लोकांनी लाड करून सवय लावलेले बॅबून मोटारींची दारे उघडतात, घरात शिरतात, आणि काही फारच धीट झालेल्यांना शेवटी अधिकाऱ्यांनी मारलेही आहे. त्याने हे फोनवर सांगितले होते तेव्हा, परदेशातील माणसे निर्दय, असे मी सहज बोलून गेलो होतो.

फणसाडात गिधाडेही आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभरची गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. येथील गिधाडांसाठी मेलेली गुरे ठेवण्याची सोय वन विभागाने केली. मी पुतण्याला विचारले, मग हे खाऊ घालणे नव्हे काय? तो थोडा विचारात पडला. म्हणाला, "त्यांचं अन्न आपण विषारी केलं, काका. ते परत करतोय." त्याचे उत्तर मला पटले, पूर्ण पटले असे नाही. कोणते देणे हे परतफेड आणि कोणते हे आपल्या मनाची हौस, हे प्रत्येक ठिकाणी इतके स्पष्ट नसते. कबुतरांच्या वादात तर मी येथे शिरतच नाही. तेथे आपल्या घरांतच दोन मते आहेत.

दिवस असताना परतलो. चौविहार असल्यामुळे नानींनी सूर्यास्तापूर्वी पाने वाढली होती. जेवण झाल्यावर ओटीवर मी नानांना सारे सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"शेठ, राग मानू नका. तुम्ही चणे टाकता, बिल आमच्या नारळांना येतं."

मी गप्प होतो.

"रस्त्यावर पर्यटक असले शनिवार-रविवार. सोमवारी कोणी नसतं. मग ती कुठे जाणार? वाडीत येतात. कोवळी शहाळी भोकं पाडून टाकतात, केळीचे घड उतरवतात, कौलं काढतात. फटाके लावले, कुत्री ठेवली. वादळानंतर लावलेल्या रोपांचे कोंब उपटले तेव्हा शेजारचा एक जण बंदूक मागवायच्या गोष्टी करायला लागला होता. मी म्हटलं, पाप घेऊ नको. पण किती दिवस म्हणू?"

मला निकितीनची गावावर चालून येणारी फौज आठवली. आणि माझ्याच वहीतील एक नोंदही आठवली : त्या हंगामात नानांच्या मालात तूट आली म्हणून मी भाव पाडून घेतला होता. त्या तुटीत शनिवारच्या चण्यांचा किती वाटा होता, हे कोणत्याही खतावणीत निघणार नाही.

पनवेलला परतल्यावर बाला सांगायचे की नाही, यावर घरात मतभेद झाले. सौभाग्यवतीचे म्हणणे, ऐंशी वर्षांच्या जिवाला कशाला दुखवता? मोठे भाई म्हणाले, बाने चांगल्या भावनेने दिले, तिला दोष लागतच नाही. मलाही तेच पटवून घ्यावेसे वाटत होते. पण बानेच विचारले, "वांदरे भेटली?" तिच्याशी मी कधी खोटे बोललो नव्हतो. सांगितले. चणे, पिशवी, मोटार, पिल्लू, सारे.

बा काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मी दिले, तू टाकले, त्याने गाडी चालवली." करणे, करवणे आणि अनुमोदणे हा भेद तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने आसन मागवले, मला शेजारी बसायला सांगितले आणि आम्ही दोघांनी इरियावहिया म्हटली. हे सूत्र मी हजारो वेळा म्हटले असेल. जाता-येता मार्गात ज्या जीवांना पीडा झाली त्यांची क्षमा मागणारे हे सूत्र आहे, हा अर्थ पाठशाळेत घोकला होता. त्या दिवशी त्यातील एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची नावे घेताना बाचा आवाज मध्येच थांबला. मग तिने पुढे म्हटले.

उठताना तिने विचारले, "नानाचे नुकसान किती झाले असेल?" मी अंदाज सांगितला. ती म्हणाली, "पुढच्या वेळी त्याच्या भावात घासाघीस नको." मोठे भाई कपाळाला आठ्या घालून पेढीवर निघून गेले. पण त्या हंगामात आम्ही घासाघीस केली नाही. शनिवारच्या चण्यांचे पैसे बा आता एका डब्यात टाकते. पांजरापोळीला द्यायचे की नानांच्या वाडीला जाळी करून द्यायची, हे अजून ठरलेले नाही. भाईंना पांजरापोळ बरी वाटते, मला जाळी.

माघात आम्ही पुन्हा रेवदंड्याला गेलो. त्या वळणावर सायकली न थांबवता, पाठीवरची पिशवी बंद ठेवून पुढे गेलो. टोळी कठड्यावरच होती. दोन माकडे काही अंतर आमच्या बरोबरीने धावली आणि मग मागे राहिली. त्यांत ती आई होती की नाही, हे ओळखण्याइतके मी तिला पाहिले नव्हते.

फणसाडच्या वाटेवर काटेसावर लाल फुलली होती आणि निष्पर्ण फांद्यांवर वानरे बसली होती. घरी आल्यावर बाने हात धुण्याआधीच विचारले, "भेटली?"

"भेटली."

"काय खात होती?"

"सावरीची फुले. अर्धे खायचे, अर्धे खाली टाकायचे."

बा हसली. "उष्टे टाकतात?" मग जरा थांबून म्हणाली, "खाली कोणी होते का वेचायला?"

मी म्हटले, होते. एक भेकर उभे होते. आम्ही दिसलो तसे पळाले. ते कसे उभे होते, किती लांब होते, फूल तोंडात होते की नव्हते, हे तिने दोनदा विचारून घेतले.